पिंकधोंड्याचा राहिलेला कोपरा

कोरझर गावात शिरताना घरांच्या आधी झरा लागतो. डोंगराच्या पोटातलं पाणी दगडी गोमुखातून कुंडात पडतं. कुंडाला सात पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीला लागूनच बसायच्या ओट्याएवढा एक काळा धोंडा आहे. धोंड्याच्या अंगावर वरून खाली आलेले तांबडे ओघळ आहेत. नवखा माणूस शेंदूर समजून हात जोडायला जातो. तेवढ्यात पाणी भरणारी एखादी बाई त्याला थांबवते.

"हात जोडू नगा पाव्हणं. देव न्हाई त्यो. थुंकी हाय."

त्याला पिंकधोंडा म्हणतात. पान खाऊन थुंकतात ती पिंक. समोरच झराईचं देऊळ आहे, आणि देवळाच्या पायरीवर हौसाक्का बसलेली असते. वय ऐंशीच्या पुढे. गावात आलेल्या पाहुण्याला धोंड्याची गोष्ट सांगायचा मान सध्या तिच्याकडे आहे. ती धोंड्याकडे पाठ करून बसते आणि गोष्ट संपेपर्यंत एकदाही मागे वळून बघत नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "जेवून आलीया मी."

गोष्ट फार मागची, घाटात गाडीरस्ता व्हायच्याही आधीची आहे. त्या काळी कोरझरच्या बायकांचं नाव बारा गावांत होतं, असं सांगतात. नाव रूपासाठी नव्हतं. रूप सगळीकडेच थोडंफार असतं. नाव होतं ते त्यांच्या पाणी द्यायच्या रीतीसाठी. घाट उतरून आलेला कुणीही झऱ्यावर थांबला की जी बाई समोर असेल ती त्याला तांब्याभर पाणी द्यायची, आणि पाण्याबरोबर एक चिमटा. मोठं पागोटं बांधून एखादा आला की, "पागोटं आलं, आता माणूस कवा येतोय?" महिन्यात तिसऱ्यांदा सासुरवाडीला निघालेला जावई दिसला की, "जावईबापू, लेकीला न्यायला आलासा का आमच्या कोंबड्या मोजायला?" पाहुणा हसायचा, तोंड पुसायचा आणि वाटेला लागायचा. पुढच्या गावात जाऊन आपल्याला काय बोललं गेलं ते तो स्वतःच सांगायचा, म्हणे.

त्या थट्टेलाही शिस्त होती. पाणी आधी, बोलणं मागून. भुकेल्याला बोलायचं नाही, रडून आलेल्याला बोलायचं नाही, कुणाच्या अंगातल्या व्यंगाला तर नाहीच नाही. आणि एका तांब्याला एकच बोलणं. तांब्या खाली ठेवला की बोलणं संपलं. माणूस पाठमोरा झाल्यावर त्याला हसायचं नाही.

रखमाजी पाटलाच्या घरात धुरपदा नावाची सून आली ती माणदेशातून, कोरड्या मुलखातून. तिच्या माहेरी पाणी वाटीवाटीनं वापरायचे. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांचं पाणी दारच्या शेवग्याला. तिकडच्या बायका बोलायच्याही तशाच, जपून आणि कामापुरतं. पहिल्या दिवशी धुरपदा झऱ्यावर आली, घागर अर्धीच भरली आणि पायरीवर चार थेंब सांडले ते ओंजळीनं गोळा करू लागली.

झऱ्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई म्हणजे गौराक्का. तिनं ते बघितलं.

"अगं पोरी, ह्यो झरा हाय, तुज्या बापाचा रांजण न्हवं. सांड की जरा!"

सगळ्या हसल्या. धुरपदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या गरिबीला हसल्या असं तिला वाटलं. मग गौराक्कानं स्वतःची भरलेली घागर तिच्या डोक्यावर उपडी केली. धुरपदा नखशिखांत भिजली, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं ओंजळभर पाणी दुसऱ्याच्या तोंडावर फेकून वाया घालवलं. त्या दिवशी ती कोरझरची झाली, असं हौसाक्का सांगते. वर्षभरात तिच्या जिभेची धार अशी झाली की वाटसरू वाट वाकडी करून तिच्या हातचं पाणी प्यायला यायचे.

त्या सुमाराला घाटाच्या ठाण्यावर दौलतराव नावाचा नवा ठाणेदार आला. पहिल्यांदा आला तो वाटसरूसारखाच. घोड्यावरून उतरला, पाणी मागितलं. धुरपदानं तांब्या दिला. त्याच्या लांबलचक मिशा पाण्यात बुडाल्या.

ती म्हणाली, "आवं ठाणेदार, आदी मिशीलाच पाजा. तिची तहान मोठी दिसतीया."

ठाणेदार हसला. बायका हसल्या. इथवर सगळं रीतीनं झालं. पण ठाणेदार गेला नाही. तो काळ्या धोंड्यावर बसला, मांडीवर हात आपटून म्हणाला, "आणखी एक."

बायकांना ते कळलंच नाही. आजवर कुणी दुसरा चिमटा मागितला नव्हता. पाणी संपलं होतं. आता काय बोलायचं?

"म्हणा की. थांबलात का? मी म्हणतोय ना, आणखी एक!"

कुणीतरी चाचरत काहीतरी बोललं. ठाणेदारानं चांदीचा डबा उघडला, तंबाखूचा विडा गालात दाबला, चघळत ऐकलं आणि मग मान वळवून पायरीवर पचकन थुंकला.

ती लाल पिंक सुताच्या दोऱ्यासारखी पहिल्या पायरीवरून दुसरीवर आली. दुसरीवरून तिसरीवर. धुरपदा बघत राहिली. सातव्या पायरीवरून ती कुंडात उतरली आणि पाण्यात धुरासारखी पसरली. धुरपदाच्या माहेरची माणसं असल्या एका घागरीसाठी अर्धा कोस चालत. आणि हा माणूस त्यात थुंकला होता, कारण त्याला उठून बाजूला जायचा कंटाळा आला होता.

मग तो दर आठ दिवसांनी येऊ लागला. येताना दोन शिपाई, आणि गावातली बाप्यामाणसं भोवतीनं बसलेली. बायका पाणी भरायला आल्या की बैलबाजारात बोलतात तसं तो बोलायचा. "पाटील, हिची चाल बघा." "हिचे दात बघा, वाळूत पडल्या कवड्या." "ती उंच आहे ना, तिला बोलायला लावा." बोललं की विडा, विड्यानंतर पिंक. धोंडा ओघळांनी भरला. माश्या बसू लागल्या. पायरीवर पाय ठेवताना बायका लुगड्याचा ओचा वर धरू लागल्या. एके दिवशी तुळसा नावाच्या बाईची घागर त्या चिकटपणावरून पाय घसरून फुटली, तर त्यावरही तो हसला. बाप्येही हसले.

ठाणेदारानं रखमाजी पाटलाला शब्द दिला होता, झराईच्या जत्रेत बारा गावांसमोर मानाचं पागोटं बांधीन म्हणून. तेव्हापासून पाटलाची मान आधीच अशी ताठ झाली की पागोटं बांधून झालंय असं वाटावं. एकदा ठाणेदार म्हणाला, पिंक टाकायला तस्त असावी, आणि तस्त धरायला कुणीतरी बोलकं असावं. तस्त म्हणजे थुंकायचं पितळी भांडं. पाटील घरी आला आणि सुनेला म्हणाला, "सूनबाई, उद्यापास्नं सायबांची तस्त तू धरायची."

"मामंजी, त्यांचा शिपाई हाय की."

"शिपायाला बोलता येत न्हाई तुज्यासारकं."

"मला बोलायला सांगताय का धरायला?"

"दोनीबी. थुंकी म्हंजी काय इस्तू हाय का, भाजायला?"

दुसऱ्या दिवशी ती धोंड्याशेजारी तस्त धरून उभी राहिली. ठाणेदाराची पहिली पिंक तस्तेत पडली, पण दोन थेंब उडाले ते तिच्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांवर. कोमट होते ते. पुढं तिला सगळं विसरता आलं, ते कोमटपण विसरता आलं नाही, असं सांगतात. ती काहीच बोलली नाही, तेव्हा ठाणेदार म्हणाला, "पाटलांच्या घरची तस्त बोलते असं ऐकलं होतं. आज मुकी झाली वाटतं?"

बाप्ये खदखदून हसले. त्या हसण्यात धुरपदाला एक हसणं वेगळं ऐकू आलं. ते तिच्या नवऱ्याचं, सिदोजीचं होतं. फार मोठ्यानं नव्हतं. सगळे हसतात म्हणून हसल्यासारखं. पण होतं.

घरी येऊन तिनं राखेनं मनगट घासलं. मग चिंचेनं. मग पुन्हा राखेनं. कातडी लाल झाली तेव्हा तर तिला ती पिंकच वाटू लागली. त्या हातानं घास उचलेना. डाव्या हातानं जेवायची लाज, म्हणून ती उपाशी उठली. सिदोजीनं बघितलं.

"हात काय झिजला का तुजा? धुतला की गेलं."

तिनं त्याच्याकडे बघितलं. चपलेला काही लागलं तर माणूस चपलेकडे बघतो, तसं. आणि ती बाहेर जाऊन चूळ भरून आली.

सकाळी ती गौराक्काकडे गेली आणि मनगट पुढं केलं. गौराक्कानं कुंडावर सगळ्या बायकांना बोलावलं. प्रत्येकीनं गोमुखातलं पाणी ओंजळीत धरलं, आणि गौराक्का बोलली तेच सगळ्या बोलल्या. ज्यानं हा धोंडा घाण केला त्यानं तो आपल्या हातानं धुतल्याशिवाय कोरझरची बाई थट्टा करणार नाही आणि हसणार नाही. घरात नाही, लग्नात नाही, देवापुढंही नाही.

आणि गाव गप्प झालं. पाणी मागणाऱ्याला पाणी मिळायचं, पण नुसतं पाणी. जेवताना "आणखी वाढू का, की ताटालाच भूक लागलीया?" असं कुणी विचारेना. जात्यावर नुसती घरघर. लग्नात वरमाईची कुणी खोड काढेना, विहिणी विहिणींना जेवण वाढून हात धुऊन उठू लागल्या. पहिले आठ दिवस बाप्ये म्हणाले, बरं झालं, तोंडं बंद झाली. महिन्यानं ते एकमेकांच्या घरी उगीच जाऊन बसू लागले. तिथंही तेच. वाटसरू झऱ्यावर थांबायचे, पाणी प्यायचे, थोडा वेळ वाट बघायचे आणि मान खाली घालून जायचे.

ठाणेदार मात्र येतच राहिला. बायका बोलेनात तर तो स्वतःच बोलायचा, स्वतःच हसायचा. धुरपदा तस्त धरून उभी असायची, तोंडावर काही नाही. त्यालाही ते खुपू लागलं असावं, कारण त्यानं जत्रेच्या आधी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "जत्रेत देवीच्या दारी मी जमिनीवर थुंकणार नाही. तेवढी रीत आम्हालाही आहे. बारा गावं बघतील, दौलतरावाची पिंक पडेल ती पाटलाच्या सुनेच्या तस्तेतच."

धुरपदानं ते ऐकलं. त्या दिवशी संध्याकाळी ती आणि गौराक्का कुंडाच्या कडेला बराच वेळ बसल्या होत्या, म्हणे. काय बोलल्या ते कुणाला ठाऊक नाही.

जत्रेच्या दिवशी माणसावर माणूस बसला होता. धोंड्यावर गालिचा घालून ठाणेदार बसला, अंगात पांढराशुभ्र अंगरखा. शेजारी तबकात पाटलाचं पागोटं. पुढं देवीची पालखी. ठाणेदारानं डब्यातला मोठ्यातला मोठा विडा लावला, चुना जास्त, तंबाखू जास्त, आणि चघळू लागला. गाल फुगले. तोंड भरलं. त्यानं बोटानं खूण केली. तस्त!

धुरपदा देवळाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तस्त दोन्ही हातांत घेऊन, पदर नीट करून ती निघाली. वाटेत दुतर्फा गावातल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. जत्रेच्या दिवशी सून वडीलधाऱ्या बाईला ओलांडून जात नाही. पाया पडावं लागतं. आणि म्हातारीही नुसतं "हं" म्हणून सोडत नाही.

धुरपदानं तस्त खाली ठेवली, पहिल्या म्हातारीच्या पाया पडली.

"अष्टपुत्रा हो गं माजे बाय. आटव्याला तेवडं पान खाऊ दिऊ नगंस."

तस्त उचलली, दोन पावलं, तस्त खाली.

"तुजा गोटा गाईम्हशींनी भरू दे. आन तुजी जनावरं मान्सापरीस नीटनेटकी ऱ्हाऊ दे."

ठाणेदारानं पुन्हा खूण केली. जोरात. गाल आणखी फुगले होते.

"सावकास चाल गं लेकी. धावणाऱ्या सुनेला कुणी चांगली म्हणत न्हाई."

कुणीही हसत नव्हतं. म्हाताऱ्यांचे चेहरे देवळातल्या खांबांसारखे. आवाजात माया एवढी की बारा गावांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावावा. पाटील अर्धवट उठला आणि बसला. सून वडिलांच्या पाया पडते आहे, तिला थांब कसं म्हणायचं? तेही देवीसमोर?

"हूं! हूंऽ!" ठाणेदार घशातून ओरडला. ओठांच्या कोपऱ्यातून एक लाल थेंब दाढीवर आला.

गौराक्का हात कानामागं धरून पुढं वाकली. "काय म्हंता सायब? व्हय, व्हय. सूनबाई, सायब म्हंत्यात, कुणालाबी वगळू नगंस. रांगंत आनिक चाळीस हायेत."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कपाळाच्या शिरा फुगल्या. खाली थुंकावं तर देवी आणि दिलेला शब्द. गर्दी एवढी की बाजूला जायला वाट नाही. धुरपदा सतराव्या म्हातारीपाशी होती. ती म्हातारी बहिरी होती आणि आशीर्वाद पुन्हा पहिल्यापासून देत होती.

आणि ठाणेदारानं गिळलं.

चुना, तंबाखू, पाऊण घटकेची लाळ, सगळं. क्षणभर तो नुसता बसून राहिला. मग उचकी आली. मग तोंडातून, नाकातून, एकदमच सगळं बाहेर आलं. मिशांवर, पांढऱ्या अंगरख्यावर, गालिच्यावर, तबकातल्या पागोट्यावर. आंबूस, तिखट वास पहिल्या चार रांगांपर्यंत गेला. माणसं नाकाला पदर, उपरणी लावून मागं सरकली. कुणीतरी ओकलं. मग गर्दीच्या मागच्या टोकाला एकजण फिसकन हसला आणि बारा गावं हसली. कोरझरच्या बायका तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची शपथ होती.

घसा धरून ठाणेदारानं हातानं पाणी मागितलं. आता धुरपदा एकाही म्हातारीपाशी थांबली नाही. तिनं रिकामी तस्त खाली ठेवली, गोमुखातून तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची कोरझरची रीत नाही. तो प्याला. सगळी जत्रा शांत झाली. पाण्यानंतर बोलणं येतं हे बारा गावांना ठाऊक होतं. ठाणेदारही तिच्याकडे बघत राहिला.

ती काही बोलली नाही. तिनं त्याच्या हातातला तांब्या दोन बोटांनी उचलला, भांडी घासायच्या राखेत टाकला आणि ती वळली.

ठाणेदार पुन्हा कधी आला नाही. तक्रार तरी काय करणार होता? सुनेनं म्हाताऱ्यांना नमस्कार केला आणि म्हाताऱ्यांनी आशीर्वाद दिले, अशी? म्हणे पुढं तो ज्या ज्या वाटेनं जाई तिथली एखादी म्हातारी त्याला बघून हात वर करी, "सावकास रे बाबा!" त्यानं दूरचं ठाणं मागून घेतलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. धोंडा तसाच होता. घाण करणारा गेला होता आणि शपथ त्याच्या नावाची होती. म्हणजे कोरझरचं हसणं तो सोबतच घेऊन गेला. पावसाळा आला, ओघळ वाहून गेले नाहीत. दिवाळी आली, नुसते दिवे लागले. धुरपदा मनगटावर फडकं गुंडाळून पाणी भरायची आणि धोंड्याकडे न बघता जायची. घरात ती नवऱ्याला वेळेवर वाढायची, विचारलं तेवढं सांगायची. माहेरच्यासारखी झाली होती पुन्हा, जपून आणि कामापुरती.

एके सकाळी सिदोजी राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन झऱ्यावर आला. धोतर खोचलं, गुडघे टेकले आणि धोंडा घासू लागला. बायका घागरी घेऊन थांबल्या.

गौराक्का म्हणाली, "ऊठ सिदोजी. ही घाण तुजी न्हवं. ज्यानं केली त्यानंच धुवायची, आसं आमी बोललोय."

सिदोजीनं मान वर केली नाही. "मी थुंकलो न्हाई आक्का. पर मी हसलो व्हतो."

तो घासत राहिला. वाळलेल्या पिंकेचे खवले निघून हाताला चिकटत होते, त्याला दोनदा उमासा आला, दोन्ही वेळा तो बाजूला जाऊन परत आला. दुपारी आणखी तिघे आले आणि न बोलता त्याच्या शेजारी बसले. उन्हं कलली तेव्हा रखमाजी पाटीलही आला, बोडक्या डोक्यानं.

शेवटी सिदोजी उठला. नखांत लाल माती, बोटं सोललेली. "झालं," तो म्हणाला, आणि बायकोकडे बघायचं धाडस केलं.

धुरपदा पुढं आली. घागर कमरेवर. तिनं धोंडा वरून खाली बघितला, मग सावकाश भोवतीनं फिरून बघितला. तिनं त्याचे हात बघितले. आता ते त्याला राखेनं घासावे लागणार होते, कदाचित बरेच दिवस.

"त्यो कोपरा ऱ्हायला," ती म्हणाली.

क्षणभर कुणालाच कळेना. मग गौराक्काच्या नाकातून फुर्रकन आवाज आला. मग तुळसाच्या. आणि वर्षभर अडवून धरलेलं हसू सातही पायऱ्यांवरून खाली आलं. सिदोजी हसला नाही. तो पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि कोपरा घासू लागला.

डाग मात्र गेले नाहीत. शिकलेले पाहुणे म्हणतात की दगडातच लोखंड आहे, पाण्यानं गंज चढतो. हौसाक्का म्हणते, "आसंल. तुमी म्हंता तर आसंल."

आजही कोरझरात पानाची टपरी नाही आणि लग्नात विडा नाही, सुपारी-खोबऱ्यावर भागतं. आजही मुलगी बघायला येणाऱ्या नवऱ्या मुलाला घरात नेण्याआधी झऱ्यावर आणतात आणि हातात राख देतात. एखादा म्हणतो, मी मुलगी बघायला आलोय, दगड धुवायला नाही. त्याला चहा देतात, पोहे देतात, अगदी आग्रह करकरून वाढतात आणि गाडीपर्यंत पोचवतात. त्याला चिमटा मात्र मिळत नाही. बाकीचे बसतात आणि घासतात. मग ती मुलगी येते, धोंड्याभोवती एक फेरी मारते आणि म्हणते, "त्यो कोपरा ऱ्हायला, पाव्हणं."

कोणता कोपरा, ते ती सांगत नाही. हौसाक्का म्हणते, साठ वर्षांत ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांची लग्नं इथं झाली नाहीत. ज्यांची झाली ते काही न विचारता पुन्हा खाली बसले.